गॅसची पिकअप घ्यावी की डिझेलची?

गाडी घ्यायची ठरली, डाऊन पेमेंटची जुळवाजुळव झाली, की प्रश्न येतो : गॅसची घेऊ की डिझेलची? खामगावच्या बाजार समितीत, चिखलीच्या गॅरेजात, मलकापूरच्या चहाच्या टपरीवर हा प्रश्न विचारला की दोन उत्तरं हमखास मिळतात. एक म्हणतो, “गॅसची घे, महिन्याकाठी चार पैसे सुटतात.” दुसरा म्हणतो, “गॅसला दम नाही, डिझेलच घे.” दोघंही आपापल्या अनुभवाचं बोलतात आणि दोघंही खरं बोलतात. फक्त पहिल्याची गाडी नांदुरा-खामगाव हायवेवर चालते, तर दुसऱ्याची राजूर घाटात.

या प्रकरणात आपण कुठल्या कंपनीची गाडी चांगली ते ठरवणार नाही. इंजिन, इंधन, टाकी आणि पंप या गोष्टी एकेक करून समजून घेऊ. त्या समजल्या की आपल्या कामाला कोणती गाडी लागू पडते, हे वहीच्या एका पानावर काढता येतं.

१. कुठला गॅस?

सुरुवातीलाच एक घोळ मिटवू. घरात स्वयंपाकाला येतो तो एलपीजी. तो थोड्या दाबाखाली द्रव होतो आणि टाकीत द्रवरूपातच राहतो. पिकअपच्या जाहिरातीत ‘गॅस’ म्हणतात तो सीएनजी, म्हणजे दाबून भरलेला नैसर्गिक वायू. हा मुख्यतः मिथेन असतो. नेहमीच्या तापमानाला तो कितीही दाबला तरी द्रव होत नाही. म्हणून तो जाड पोलादी टाकीत वातावरणाच्या सुमारे २०० पट दाबाने कोंबून भरावा लागतो. पुढे येणाऱ्या बऱ्याच गोष्टी, म्हणजे टाकीचं वजन, पंपावरची रांग, उन्हाळ्यात कमी भरणारा गॅस, या एका गुणधर्मातून निघतात.

सीएनजीच्या पिकअपही दोन जातींच्या असतात. काही फक्त गॅसवर चालतात आणि त्यांच्यात अडीअडचणीपुरती पेट्रोलची छोटी टाकी असते. मारुतीच्या सुपर कॅरीची गॅसवरची गाडी घ्या. तिच्यात पाच लिटरची पेट्रोल टाकी येते. दुसऱ्या जातीच्या गाडीत गॅस आणि पेट्रोल दोन्हींच्या पुऱ्या टाक्या असतात. तिला बाय-फ्युएल म्हणतात. टाटाची इंट्रा व्ही-२० ही अशी गाडी आहे. पंप लांब असलेल्या गावात हा फरक फार मोलाचा ठरतो, कारण गॅस संपल्यावर पाच लिटरवर घर गाठणं वेगळं आणि पेट्रोलवर अख्खी फेरी पूर्ण करणं वेगळं.

२. इंजिनात काय घडतं?

इंजिन म्हणजे इंधन जाळून दट्ट्या ढकलणारं यंत्र. डिझेल आणि गॅस यांच्यातला मुख्य फरक आग लावण्याच्या पद्धतीत आहे.

डिझेलच्या इंजिनात आधी नुसती हवा आत घेतली जाते आणि ती १६ ते १८ पट दाबली जाते. हवा इतकी दाबली की ती ५०० अंशांच्याही वर तापते. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडला की ते आपोआप पेटतं. ठिणगी लागत नाही, स्पार्क प्लग नसतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने असं इंजिन १८९७ साली यशस्वी करून दाखवलं. सव्वाशे वर्षांनंतरही मूळ कल्पना तीच आहे.

गॅसचं इंजिन पेट्रोलच्या इंजिनासारखं चालतं. हवा आणि गॅस यांचं मिश्रण आत जातं, दाबलं जातं आणि स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेटतं. आजच्या बहुतेक छोट्या सीएनजी पिकअपमध्ये मूळचं पेट्रोल इंजिनच असतं. यात एक अडचण येते. गॅस हा वायू असल्यामुळे तो सिलिंडरमध्ये हवेची जागा खातो. हवा कमी शिरली की ताकद कमी मिळते. कंपनीचेच आकडे पाहा : इंट्रा व्ही-२० चा टॉर्क पेट्रोलवर १०६ न्यूटन-मीटर आहे, तर गॅसवर ९५. गाडी तीच, इंजिन तेच, तरी दहा टक्के ताकद गेली. ‘गॅसला दम नाही’ या म्हणण्याचं मूळ इथे आहे.

पण टॉर्क म्हणजे काय?

३. दम, टॉर्क आणि राजूर घाट

माहितीपत्रकात दोन आकडे असतात : पॉवर आणि टॉर्क. टॉर्क म्हणजे इंजिन चाकाला किती जोराने पिळतं. चालकाच्या भाषेत गाडीची ओढ. पॉवर म्हणजे ते काम किती वेगाने होतं. मोकळ्या रस्त्यावर शंभरच्या वेगाने जायचं तर पॉवर लागते. भरलेली गाडी उभ्या जागेवरून उचलायची, शेतातून चिखलातून बाहेर काढायची किंवा घाट चढवायचा तर टॉर्क लागतो, आणि तोही इंजिन फार न फिरवता मिळायला हवा.

इथे डिझेल पुढे जातं. टाटाने २०२२ साली इंट्रा व्ही-२० आणि इंट्रा व्ही-५० या दोन गाड्या बरोबरच बाजारात आणल्या. व्ही-५० चं डिझेल इंजिन १४९६ सीसीचं. त्याचा टॉर्क २२० न्यूटन-मीटर, म्हणजे व्ही-२० च्या गॅसवरच्या टॉर्कच्या दुपटीहून जास्त. शिवाय तो १७५० फेऱ्यांच्या आसपासच मिळू लागतो. म्हणून डिझेलची गाडी तिसऱ्या गिअरमध्ये शांतपणे ओढत राहते, तेव्हा गॅसच्या छोट्या गाडीला दुसऱ्यात उतरून इंजिन ओरडवावं लागतं.

आपल्या जिल्ह्यात याला विशेष अर्थ आहे. बुलढाणा जिल्ह्याचे लोक स्वतःच जिल्ह्याचे दोन भाग करतात : घाटावरचा आणि घाटाखालचा. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, मोताळा, जळगाव जामोद, संग्रामपूर हे पूर्णेच्या खोऱ्यातले तालुके घाटाखाली. बुलढाणा, चिखली, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, मेहकर, लोणार हे घाटावर. मधे अजिंठ्याची डोंगररांग. मलकापूरहून बुलढाण्याला यायचं तर राजूर घाट, खामगावहून यायचं तर ज्ञानगंगा अभयारण्यातून बोथा घाट. घाटावरच्या सहा तालुक्यांत अजून रेल्वे नाही, त्यामुळे खतापासून सिमेंटपर्यंत सगळा माल शेवटी चाकांवरच चढतो.

या चढाची किंमत किती? हिशेब करू. मलकापूरहून बुलढाण्याला येताना गाडी जवळपास ४०० मीटर उंच चढते. मालासकट गाडीचं वजन ३ टन धरा. ३ टन वजन ४०० मीटर उचलायला सुमारे ३.३ युनिट ऊर्जा लागते. हे युनिट वीजबिलातलंच. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट ऊर्जा असते, पण इंजिन त्यातली तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच कामाला लावतं. बाकी उष्णता होऊन रेडिएटर आणि सायलेन्सरमधून निघून जाते. म्हणजे एका लिटरमधून हाती ३.३ युनिट. थोडक्यात, नुसतं वर चढण्यासाठी एक लिटर डिझेल खर्ची पडतं. पंचेचाळीसेक किलोमीटर अंतर कापण्याचं इंधन वेगळं. उतरताना यातलं काही परत मिळत नाही, ते ब्रेक तापवण्यात जातं.

आणखी एक बारीक गोष्ट. बुलढाण्याच्या उंचीवर हवा समुद्रसपाटीपेक्षा सात-आठ टक्के विरळ असते. पिकअपच्या डिझेल इंजिनांना बहुधा टर्बो असतो, म्हणजे हवा कोंबणारा पंखा. त्यामुळे त्यांना हा फरक फारसा जाणवत नाही. टर्बो नसलेल्या छोट्या गॅस इंजिनाला मात्र गॅसने खाल्लेली हवा आणि उंचीने विरळ केलेली हवा असे दोन्ही तोटे एकदम सोसावे लागतात.

याचा अर्थ गॅसची गाडी घाट चढत नाही असा नाही. पासिंगएवढा माल असेल तर ती चढते, सावकाश चढते. पण रोज दोन फेऱ्या घाटाच्या असतील तर इंजिन, क्लच आणि चालक या तिघांवरही ताण येतो.

४. लिटरची किलोशी तुलना कशी करायची?

डिझेल लिटरवर मिळतं आणि सीएनजी किलोवर. त्यामुळे ‘डिझेल ९० रुपये आणि गॅसही ९० रुपये, मग फायदा कसला?’ असं वाटणं साहजिक आहे. पण एका किलो सीएनजीत १३ ते १४ युनिट ऊर्जा असते, म्हणजे एका लिटर डिझेलच्या सुमारे १.३ ते १.४ पट. डिझेलचं इंजिन ऊर्जा अधिक काटकसरीने वापरतं, म्हणून हा सगळा फायदा हाती लागत नाही. तरी एका किलो गॅसमध्ये एका लिटर डिझेलपेक्षा थोडं जास्त अंतर कापलं जातं. त्यात गॅसच्या पिकअप सहसा लहान आणि हलक्या असतात, म्हणून त्यांचा ॲव्हरेज आणखी बरा दिसतो.

म्हणून लिटर आणि किलो विसरून एकच आकडा धरायचा : एका किलोमीटरला किती रुपये?

समजा, डिझेलच्या गाडीचा मालासकट ॲव्हरेज १५ आणि डिझेलचा दर ९० रुपये. किलोमीटरला ६ रुपये पडले. गॅसच्या गाडीचा ॲव्हरेज किलोला १८ आणि गॅसचा दर ९० रुपये. किलोमीटरला ५ रुपये पडले. फरक एक रुपयाचा. वर्षाला २०,००० किलोमीटर गाडी फिरली तर २०,००० रुपये वाचले. हे आकडे हिशेबासाठी गोल धरले आहेत. तुम्ही तुमच्या पंपावरचे त्या दिवसाचे दर आणि तुमच्याच रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा ॲव्हरेज घाला. जाहिरातीतला ॲव्हरेज घेऊ नका, तो घाट न पाहिलेला असतो.

हा फरक कायमचा समजू नका. २०१२ च्या मे महिन्यात दिल्लीत पेट्रोल ७३ रुपये आणि डिझेल ४१ रुपये होतं. त्या काळात डिझेलची गाडी डोळे मिटून घेत असत. २०१४ च्या ऑक्टोबरात डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले, २०१७ च्या जूनपासून ते रोज बदलू लागले आणि तो जुना फरक आटत गेला. गॅसचंही तसंच. महाराष्ट्राने १ एप्रिल २०२२ पासून सीएनजीवरचा व्हॅट १३.५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणला, तेव्हा गॅस एका दिवसात स्वस्त झाला. पुढे जागतिक बाजारामुळे पुन्हा चढला. गाडी आठ-दहा वर्षं चालवायची असते. म्हणून आजच्या फरकावर सगळी भिस्त ठेवू नये. फरक निम्मा झाला तरी व्यवहार परवडतो का, ते पाहावं.

५. पासिंग आणि टाकीचं वजन

दीड टन पासिंगची गाडी म्हणजे कायद्याने दीड टन माल नेता येणारी गाडी. हा आकडा सोपा आहे : भरलेल्या गाडीचं मंजूर वजन वजा रिकाम्या गाडीचं वजन. रिकामी गाडी जितकी जड, तितका माल कमी.

दहा किलो गॅस मावणारी पोलादी टाकी ६० किलोच्या आसपास भरते. तेवढ्याच कामाचं डिझेल पातळ पत्र्याच्या टाकीत मावतं. वीस किलो गॅस हवा असेल तर टाक्यांचंच वजन सव्वाशे किलोच्या घरात जातं. सोयाबीनच्या भाषेत सांगायचं तर सव्वा क्विंटल. प्रत्येक फेरीत तेवढा माल मागे ठेवून टाकी फिरवायची, असा तो व्यवहार आहे.

म्हणूनच जड पासिंगच्या गाड्यांत डिझेलचं राज्य आहे. इंट्रा व्ही-२० चं पासिंग १ टनाचं, तर डिझेलच्या व्ही-५० चं दीड टनाचं. महिंद्राची बोलेरो मॅक्स पिकअप डिझेलमध्ये दोन टनांपर्यंत जाते. तुमचा माल पोहे, कुरकुरे, अंडी, भाजीचे क्रेट असा जागा खाणारा पण हलका असेल, तर पासिंगचा प्रश्नच येत नाही. हौदा किती लांब ते पाहा. माल सिमेंट, खत, सळई, टाइल्स असेल तर हौदा अर्धा रिकामा दिसत असताना पाटे बसलेले असतात. तिथे पासिंग आधी, इंधन नंतर.

६. पंप किती लांब?

आता या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. डिझेल कुठेही मिळतं. गावात पंप नसला तरी वाटेत असतोच. गॅसचं तसं नाही.

गॅसचे पंप दोन प्रकारचे असतात. पहिला पाइपलाइनला जोडलेला. तिथे मोठा कॉम्प्रेसर सतत दाब देत असतो. त्याला मदर स्टेशन म्हणतात. दुसरा डॉटर स्टेशन. तिथे पाइपलाइन नसते, तर टाक्यांचा संच लादलेला ट्रक मदर स्टेशनवरून गॅस घेऊन येतो आणि त्या टाक्यांतून गाड्यांत गॅस भरला जातो. पाण्याच्या दोन टाक्या नळीने जोडल्या की भरलेलीतून रिकामीत पाणी जातं आणि पातळी सारखी झाली की थांबतं. इथेही हेच होतं. ट्रक नुकताच आलेला असेल तर गाडीची टाकी २०० च्या दाबाने भरते. दुपारपर्यंत पन्नास गाड्या भरून गेल्या की ट्रकमधला दाब उतरतो, मग काटा १४० वर अडतो आणि पंपावरचा पोऱ्या नोझल काढत म्हणतो, “प्रेशर नाही.” काही पंपांवर यावर उपाय म्हणून बूस्टर बसवतात.

पैसे किलोवर घेतात, त्यामुळे फसवणूक होत नाही. पण १० किलोच्या टाकीत ७ किलोच भरला तर पुढचा फेरा लवकर येतो. उन्हाळ्याचाही परिणाम होतो. वायू तापला की फुगतो. हवा ३० अंशांवरून ४५ वर गेली की त्याच दाबाला सुमारे ५ टक्के गॅस कमी मावतो. विदर्भातल्या मे महिन्यात हे गृहीत धरून चला. पहाटे भरलेली टाकी दुपारच्या टाकीपेक्षा पुढे जाते.

आता लांबच्या पंपाची किंमत काढू. आधीचेच आकडे घ्या : टाकी १० किलोची, ॲव्हरेज १८, म्हणजे एका टाकीत १८० किलोमीटर आणि खर्च ९०० रुपये. पंप तुमच्या नेहमीच्या रस्त्यावरच असेल तर किलोमीटरला ५ रुपये, काही प्रश्न नाही. पण पंप २० किलोमीटर आडवाटेला असेल तर प्रत्येक टाकीमागे जाऊन-येऊन ४० किलोमीटर नुसते गॅस भरण्यात जातात. कामाचे उरले १४०. नऊशे भागिले १४० म्हणजे किलोमीटरला ६ रुपये ४३ पैसे. डिझेल ६ रुपयांना पडत होतं. म्हणजे स्वस्त गॅस महाग पडला!

सीमारेषा कुठे आहे? ९०० रुपयांत डिझेलची गाडी १५० किलोमीटर जाते. म्हणून गॅसच्या एका टाकीत कामाचे १५० किलोमीटर तरी मिळायला हवेत. १८० वजा १५०, उरले ३०. म्हणजे वाकडी वाट जाऊन-येऊन ३० किलोमीटरपेक्षा जास्त असेल, किंवा एका बाजूने १५ पेक्षा जास्त असेल, तर या गाडीत बचत नाही. टाकी २० किलोची असेल तर हीच मर्यादा एका बाजूने ३० किलोमीटरवर जाते. शिवाय रांगेत गेलेला तास वेगळा. हंगामात त्या एका तासात एक भाडं हुकतं.

मुंबई-नागपूर-झारसुगुडा ही गेलची वायुवाहिनी समृद्धी महामार्गालगत टाकली आहे आणि समृद्धी आपल्या घाटावरच्या तालुक्यांतून जातो. त्यामुळे ‘आता गॅस दारात येणार’ असं बोललं जातं. पण मोठी वाहिनी जवळून जाणं आणि आपल्या फाट्यावर पंप सुरू होणं यांत बरीच कामं असतात. गाडीचा हप्ता मात्र पुढच्या महिन्यापासूनच सुरू होतो. म्हणून आज सुरू असलेला पंप मोजा, उद्या होणारा मोजू नका. पंपावर सकाळी, दुपारी आणि रात्री अशा तीन वेळा जा. रांग किती, दाब किती मिळतो, ट्रक किती वाजता येतो, हे रांगेतल्या चालकांनाच विचारा. शोरूमपेक्षा खरी माहिती तिथे मिळते.

७. देखभाल : दोघांचीही दुखणी वेगळी

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ नियम लागू झाला आणि डिझेलची गाडी जुन्या काळासारखी साधी राहिली नाही. छोट्या डिझेल इंजिनांना हे नियम पाळणं इतकं खर्चिक झालं की मारुतीने त्या वेळी डिझेल सोडूनच दिलं.

नव्या डिझेल गाडीत डीपीएफ नावाची जाळी असते. धुरातली काजळी ती अडवते आणि इंजिन पुरेसं तापलं की ती काजळी जाळून स्वतः साफ होते. त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटं मोकळ्या रस्त्यावर सलग धावायला हवी. खामगाव ते नागपूर जाणाऱ्या गाडीला याचा त्रास नाही. पण गोदामातून दुकानात, दुकानातून गोदामात अशा दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीची जाळी तुंबते. डॅशबोर्डवर दिवा लागतो. तो पाहूनही गाडी तशीच दामटली की खर्च हजारांत जातो. तेव्हा दिवा लागला की त्याच दिवशी हायवेवर एक फेरी मारून यावी. काही मॉडेलांना धूर साफ करायला डीईएफ, म्हणजे चालकांच्या भाषेत ‘युरिया’, लागतो. तो खताच्या पोत्यातला युरिया नव्हे; तयार डबाच घ्यावा. आणि डिझेल फिल्टरमध्ये साठलेलं पाणी वेळच्या वेळी काढावं. कॅनमधलं सुटं डिझेल भरण्याची सवय असेल तर ती नव्या गाडीला सोसत नाही. तिचे इंजेक्टर फार बारीक आणि फार महाग असतात.

गॅसच्या गाडीत जाळी नाही, युरिया नाही. तिथे स्पार्क प्लग, इग्निशन कॉइल आणि गॅसचा फिल्टर वेळेवर बदलावा लागतो. मुख्य काम टाकीचं. टाकीवर एक पाटी असते. तिच्यावर टाकीचा क्रमांक आणि चाचणीची तारीख कोरलेली असते. दर तीन वर्षांनी टाकीची पाण्याच्या दाबाने चाचणी करून घेणं बंधनकारक आहे. जुनी गाडी घेत असाल तर आधी ही पाटी वाचा, मग इंजिन ऐका. आणि हौद्याला लोखंडी जाळी किंवा ताडपत्रीचा सांगाडा बसवताना टाकीजवळ वेल्डिंग होऊ देऊ नका. वेल्डरला टाकी दाखवून ठेवा. तो सांगितल्याशिवाय वाकून पाहत नाही.

८. चार शंका

*डिझेलच्या गाड्या बंद होणार का?* दहा वर्षांच्या डिझेल गाडीवरची बंदी दिल्ली आणि राजधानी परिसरासाठी होती. महाराष्ट्रात तसा नियम नाही. इथे मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस करून घ्यावा लागतो. इंधन कोणतंही असो.

*गॅसची गाडी पेट घेते का?* नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असतो. गळला तर वर उडून जातो. त्याला मुद्दाम वास दिलेला असतो, त्यामुळे गळती कळते. घरगुती एलपीजी हवेपेक्षा जड, तो खाली साचतो. घरच्या सिलिंडरमधून गाडीत गॅस भरणं हा गुन्हा आहे आणि जिवाशी खेळही. बातम्यांतल्या ‘गॅसच्या गाडीला आग’ या प्रकरणात कुठला गॅस होता, ते नेहमी पाहावं.

*डिझेलच्या गाडीला पुढे गॅस किट बसवता येईल का?* डिझेल इंजिनात ठिणगीची सोयच नसते, हे आपण दुसऱ्या भागात पाहिलं. त्यामुळे इंजिनच बदलल्यासारखं काम करावं लागतं. पिकअपला ते परवडत नाही. निवड शोरूममध्येच करावी लागते.

*जीएसटीचं काय?* २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. तो गॅस आणि डिझेल दोन्ही गाड्यांना सारखाच लागू आहे. डिझेल आणि सीएनजी मात्र जीएसटीच्या बाहेर आहेत, त्यामुळे नोंदणीकृत व्यापाऱ्यालाही इंधनावरच्या कराची वजावट मिळत नाही. इंधनाचा पूर्ण दर खर्चातच धरा.

९. मग कुणी काय घ्यावं?

तीन गाडीमालकांची उदाहरणं घेऊ.

पहिला खामगावचा किराणा वितरक. माल हलका, फेऱ्या शेगाव, नांदुरा, मलकापूर अशा सपाट रस्त्यावर, दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटर, वारंवार थांबणं. गॅसचा पंप रस्त्यावर असेल तर त्याने गॅसचीच गाडी घ्यावी. थांबत-थांबत चालणाऱ्या कामात डीपीएफची कटकटही वाचते.

दुसरा चिखलीचा वाहतूकदार. कधी सोयाबीन, कधी खत, कधी सिमेंट. आज जालना, उद्या मलकापूरचा रेल्वे धक्का आणि परत येताना राजूर घाट. त्याला डिझेलशिवाय पर्याय नाही. किलोमीटरला रुपया जास्त गेला तरी अर्धा टन माल जास्त जातो आणि मिळेल ते भाडं घेता येतं. पंपाच्या भोवती घुटमळावं लागत नाही.

तिसरा संग्रामपूरचा संत्रा बागायतदार. हंगामात लांब पल्ला, एरवी गाडी दारात उभी. वर्षाकाठी सहा-सात हजार किलोमीटर. याची गॅसमधली बचत सहा-सात हजार रुपयांच्या पुढे जात नाही. त्याने इंधनाचा विचार बाजूला ठेवून पासिंग, किंमत आणि जवळचं सर्व्हिस सेंटर पाहावं. घरच्या शेतापुरतं पाऊण टनाचं काम असेल तर छोटी पेट्रोल गाडीही चालते; टाटा एसचं पेट्रोल मॉडेल ७५० किलो नेतं आणि दुरुस्तीला सोपं पडतं.

तुम्ही या तिघांपैकी कुणाच्या जवळ आहात, हे ठरवायला वहीत पाच ओळी लिहा : वर्षाचे किलोमीटर, एका फेरीतला सगळ्यात जड माल, महिन्यातले घाट, गॅसच्या पंपाची वाकडी वाट आणि दोन्ही गाड्यांच्या हप्त्यातला फरक. पंप १५ किलोमीटरच्या आत, माल टनाच्या आत आणि घाट क्वचित, अशा तिन्ही गोष्टी जुळल्या तर गॅस घ्या. तीनपैकी एकही हुकली तर बुलढाणा जिल्ह्यात आज तरी डिझेलच घ्यावं. आणि बुकिंगचे पैसे देण्याआधी, शोरूमची टेस्ट ड्राइव्ह पासिंगएवढा माल भरून, घाटातच मागा.